‘त्व’ सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझ्या लेखाचा खर्डा काल रात्री वाचून संपवला. झकास उतरलाय. फक्त ‘या ठिकाणचं भूचुंबकत्व ४५ मायक्रोटेस्ला आहे’ या वाक्यापाशी अडखळलो. अरे, मोजतात ते भूचुंबकीय क्षेत्र. पृथ्वीच्या पाठीवर ते साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचं एकक) भरतं. भूचुंबकत्व म्हणजे पृथ्वीच्या अंगचा गुण, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचंही तेच नाव.

शब्दाची फोड करताना आपण ‘भू’ आणि ‘चुंबक’ उचलतो, ‘त्व’ मागेच राहतो. मग पृथ्वीच्या पोटात चुंबकाची भलीमोठी कांडी दिसायला लागते. (शाळेतल्या आकृत्यांनी ती पक्की बसवलीय.) १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकदगडाच्या गोळ्यावर सुई फिरवून दाखवलं, की पृथ्वी स्वतःच चुंबकासारखी वागते. वागते, एवढंच! लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व जातं, आणि पृथ्वीचा गाभा त्याच्या कितीतरी पट तापलेला. तिथे कांडी टिकेल कशी? सुमारे २,९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्यातून विद्युतप्रवाह वाहतात आणि हे क्षेत्र तयार होतं. चुंबक नाहीच, नुसतं ‘त्व’.

रॉबर्ट नॉर्मनचा किस्सा मात्र लेखात घालच. लंडनमध्ये होकायंत्रं बनवणारा हा कारागीर. सुई टोकदार खुंटीवर अगदी समतोल बसवायचा, पण चुंबकित केली की तिचं उत्तरेकडचं टोक खाली झुके. मग ते टोक जरा छाटायचं. एकदा छाटता छाटता सुई इतकी आखूड झाली की वायाच गेली. त्या वैतागातून तो झुकाव मोजायला बसला आणि १५८१ मध्ये पुस्तक छापून मोकळा झाला. या झुकावाला ‘नती’ म्हण; सुई खऱ्या उत्तरेपासून डावी-उजवीकडे सरकते तो ‘दिक्पात’. तू दोन्हींना ‘विचलन’ म्हटलंयस, ते चालायचं नाही.

आणि हो, होकायंत्राचा फोटो पुन्हा काढ. ते तू लोखंडी कपाटावर ठेवलं होतंस ना? सुई सरळ कपाटाच्या कडीकडे बघतेय.

तुझाच,
जुना बाकसोबती