पावलं मोजायचं यंत्र पुस्तकासारखं घरी न्यायला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत रोज दहा हजार पावलं चाला असा लेख आला होता आणि सोमवारी सकाळी आमच्या वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या मंडळींत त्याच्यावरून चांगलीच जुंपली. एक जण म्हणे मी रोज बारा हजार करतो, दुसरे म्हणे तुमचा मोबाईल थापा मारतो, तिसरे म्हणाले आमच्या वेळी कोण मोजत बसलं होतं, रान घरापासून चार किलोमीटर होतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागं बसून काढलीत (बसून हा शब्द महत्त्वाचा, पुढं येईल), आणि गेलं दीड वर्ष आमच्याकडं पुस्तकांबरोबर पावलं मोजायची यंत्रंपण घरी न्यायला मिळतात, म्हणून म्हटलं आता आपणच लिहावं.

आधी त्या दहा हजाराचं बघू. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं तपासून काढलेला नाही. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल आकडा, लक्षात राहणारा, खपला, आणि साठ वर्षं झाली तरी लोकांच्या डोक्यावर बसलाय. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चार-साडेचार वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं आणि ७५०० च्या पुढं गेल्यावर फायदा वाढायचा जवळपास थांबला. आता जिला चालवतंय ती मुळातच धडधाकट असणार हा मुद्दा आहेच, पण तरी मला हे वाचून केवढं हायसं वाटलं सांगू, कारण साखर असलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला दहा हजार सांगितलं की ती तिसऱ्या दिवशी घरी बसते, तिला साडेचार हजार सांगितलं तर ती निदान चप्पल तरी घालते. आणि आपल्याकडं आधीपासून एक आकडा होताच की, शतपावली! जेवण झाल्यावर शंभर. तो कुणालाच झेपत नाही असा नव्हता, म्हणून तर टिकला.

यंत्र उसनं द्यायची कल्पना माझी नाही. माझी नणंद ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला असते, तिनं फोनवर सांगितलं की तिकडं रॉकहॅम्प्टन म्हणून गाव आहे, गुरांच्या धंद्याचं गाव, तिथं २००१ पासून अख्ख्या गावासाठी चालायची मोहीम निघाली होती, डॉक्टर लोक पेशंटला चाला म्हणून सांगायचे, रस्त्याला पाट्या लावल्या आणि पावलं मोजायची यंत्रं लायब्ररीतून उसनी मिळायची. लायब्ररी म्हटल्यावर माझे कान टवकारलेच. नंतर बेल्जियममधल्या घेंट शहरानं २००५ ला हीच मोहीम उचलली आणि वर्षभरात तिथल्या लोकांची रोजची पावलं सरासरी नऊशेच्या आसपास वाढली. नऊशे म्हणजे किती, तर आमच्या स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत, बास. पण अख्खं शहर रोज मारुतीपर्यंत जास्तीचं चाललं असं धरून बघा. जपानात योकोहामाला २०१४ पासून यंत्रं वाटली, ती दुकानातल्या मशीनला टेकवायची आणि पॉईंट गोळा करायचे. सिंगापूरनं २०१५ पासून मनगटाचे पट्टे फुकट दिले आणि पावलांवर खरेदीची कुपनं दिली. आपल्याकडं फिट इंडियाचं ॲप आहे, २०१९ ला ती मोहीम सुरू झाली, ॲपमध्ये पावलं मोजायची सोय पण आहे, नाही असं नाही.

पण ॲपची गंमत अशी की फोन अंगावर असेल तरच ते मोजणार ना. पुरुषांचा फोन खिशात असतो. आमच्या घरात माझा फोन दिवसभर फ्रिजवर असतो, चार्जिंगला नाहीतर शांत पडलेला, आणि मी स्वयंपाकघर ते बाल्कनी ते गच्ची अशी फिरते, संध्याकाळी बघावं तर ॲप म्हणतंय आज तुमची ६१२ पावलं. सासूबाईंना तर स्मार्टफोनच नाही. २०२४ ला आंतरराष्ट्रीय अंदाज आला होता की भारतातल्या ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांच्याच हातात हे ॲप पोचत नाही, आणि पोचलं तरी फ्रिजवर.

म्हणून आम्ही साधी यंत्रं घेतली. चार निवृत्त शिक्षक आणि एक मेडिकलवाले यांनी वर्गणी काढली, तीन-साडेतीनशेला एक अशी पंधरा आली. ब्लूटूथ नाही, काही नाही, मागं घड्याळासारखा बटणसेल, पुढं आकडा आणि शून्य करायचं एक बटण. मी त्यांच्यावर १ ते १५ नंबर टाकले, वेगळी वही केली, शंभर रुपये अनामत, पंधरा दिवसांनी परत, उशीर झाला तर दंड, सगळं पुस्तकासारखं. पहिल्याच दिवशी साडीनं अडवलं. ड्रेसवाल्या मुलींचं ठीक आहे, पण साडीत ते लावायचं कुठं? परकराच्या नाडीला अडकवलं तर निऱ्यांच्या आत जाऊन बसतं, भर रस्त्यात आकडा बघायचा कसा, आणि पदरावर लावलं तर ते लोंबकळतं आणि वाट्टेल ते मोजतं. शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी ब्लाऊजपीसच्या कापडाचे छोटे बटवे शिवून दिले, कमरेच्या बाजूला खोचायचे आणि पिन लावायची. त्यातलं एक यंत्र परकराबरोबर वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आलं आणि वारलं.

आमचा नियम एकच, पहिला आठवडा काहीच वाढवायचं नाही, फक्त जे आहे ते लिहायचं. यातच खरी मजा आली. किराणा दुकानवाले भाऊ, दिवसभर माझी पळापळ असते म्हणणारे, १९०० निघाले. मी स्वतः वाचनालयाच्या दिवशी २४०० आणि सुट्टीच्या दिवशी ४१००, म्हणजे नोकरीनंच मला बसवलं हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. आणि पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई, त्यांना हौसेनं दिलं तर रोज चौदा हजारांच्या घरात. त्या हसल्या, यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मला बसायचं यंत्र असलं तर द्या." मला त्या दिवशी काही उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. चाला चाला म्हणून सांगताना आपण कुणाला सांगतोय हे आधी बघायला पाहिजे एवढं मात्र कळलं.

आठवड्यानंतर ज्याचा जो आकडा आला त्यात हजार वाढवायचे, दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. हेही मनाचं नाही, २००७ मध्ये अशा यंत्रांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात यंत्र लावणाऱ्यांची पावलं दिवसाला अडीच हजारांच्या आसपास वाढलेली दिसली आणि ज्यांनी ठरवलेला आकडा समोर ठेवला त्यांचीच वाढली, नुसतं लावून फिरणाऱ्यांची नाही.

मग आम्ही एक शहाणपणा केला, मे महिन्यात स्पर्धा ठेवली, पहिलं बक्षीस कुकर. संपादक साहेब, त्या कुकरनं सगळं बिघडवलं. एकाच्या नातवानं आजोबांचं यंत्र दोरीला बांधून पंख्याखाली झुलवलं, एकांनी कुत्र्याच्या पट्ट्याला लावलं असं त्यांच्याच सुनेनं मला सांगितलं, एका दिवशी वहीत ३१,००० आकडा आला. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दोघी जणी खरोखर ईर्ष्येनं चालल्या, एकीचा गुडघा असा सुजला की महिनाभर जिना बंद. चूक आमची होती. कुकर शेवटी चिठ्ठ्या टाकून देऊन टाकला आणि स्पर्धा कायमची बंद केली. आता कंपन्यांतून, कॉलेजांतून स्टेप चॅलेंज निघतात, पहिल्या नंबराचा फोटो लागतो, ते बघितलं की मला तो पंखा आठवतो.

यंत्र चुकतं का? चुकतं की. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्या आजोबांची निम्मी पावलं त्याला दिसतच नाहीत. माझ्या भाच्याचा मनगटावरचा भारीतला पट्टा मी एक दिवस घालून बघितला तर पोळ्या लाटतानाच त्यानं पावलं धरली, आरतीच्या टाळ्यांना पण. पण माणूस तोच आणि यंत्र तेच असेल तर ते रोज सारखंच खोटं बोलतं, त्यामुळं काल आणि आजचा फरक कळतो, आपल्याला तेवढंच पाहिजे.

दीड वर्षात साठेक लोकांनी यंत्र नेलं. निम्म्यांनी पंधरा दिवसांत परत आणून दिलं आणि पुन्हा विचारलं नाही, हे लपवत नाही. वीस-बावीस जण मात्र टिकले, त्यातल्या काहींनी स्वतःचं विकत घेतलं. माझं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.२ होतं, ते ५.९ वर आलं, त्यात भात कमी केल्याचा वाटा किती आणि पावलांचा किती हे मला सांगता येणार नाही. देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आणि तेरा कोटींवर लोक त्याच्या उंबऱ्यावर असं २०२३ ला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत आलं, मी त्या उंबऱ्यावरचीच. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत, बरीचशी ड वर्गाची, म्हणजे सगळ्यात खालच्या, अनुदानात वीजबिल भागवताना नाकी नऊ येणारी, त्यांच्यावर आणखी एक योजना लादा असं मी म्हणत नाही. पण पाचेक हजारांची वर्गणी आणि एक वही एवढंच लागतं. देवघेव कशी करायची हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

आता माझं खरं काम. आमच्याकडं पाऊस लागला की चालणं संपतं. रस्त्याला फुटपाथ नाही, कडेनं चिखल, पहाटे अंधार आणि कुत्री, बायका चौघी-पाचजणी मिळून निघायच्या त्याही जुलैत बंद होतात. मागच्या वर्षी सगळी यंत्रं आषाढात परत आली ती दिवाळीपर्यंत कपाटात. यंदा एका वाचकानं सुचवलं की चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात, तिथं विचारा. विचारलं. एका मालकांनी सकाळी सहा ते आठ हॉल उघडून द्यायचं कबूल केलंय, अटी दोन, चपला बाहेर काढायच्या आणि दिवे लावायचे नाहीत. हॉलची एक फेरी माझ्या यंत्रावर ११८ पावलं भरते. आपल्या पेपरातून एवढंच छापून यावं की आजूबाजूच्या गावांतल्या कार्यालयवाल्यांनी पण आपापल्या वाचनालयात निरोप द्यावा, खुर्च्या एका बाजूला आम्ही लावून घेऊ.

कळावे,
एक ग्रंथपाल, जि. सातारा