बोट घेण्याआधी शाकारणीचा विचार व्हावा

रविवारच्या पुरवणीत कोकणात हौसेसाठी स्वतःची बोट घेण्याविषयीचा लेख वाचला. किमती आणि कर्जाची माहिती उपयुक्त आहे; पण देखभालीला त्यात एकच ओळ मिळाली, हे खटकले.

कर्लीच्या खाडीत गेली नऊ वर्षे माझी छोटी फायबरची बोट आहे. खारे पाणी कुणाची गय करत नाही. प्रत्येक फेरीनंतर आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनातून दहा-पंधरा मिनिटे गोडे पाणी फिरवावे लागते, नाहीतर आतल्या वाटांत मीठ साचून इंजिन तापते. इंजिनाला बसवलेले जस्ताचे तुकडे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. निम्मे झिजले की बदलायचे. विकणाऱ्याने मला हे सांगितले नव्हते. पहिले इंजिन मी त्यामुळेच गमावले.

खरी कसोटी पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. आमचे मच्छीमार त्याआधीच होड्या वर ओढून झापांनी (विणलेल्या माडाच्या झावळ्यांनी), ताडपत्रीने शाकारतात. हौशी मालक मात्र पुण्या-मुंबईत, आणि बोट खाडीत दोरावर. जूनच्या पहिल्या वादळात दोर तुटतो, बोट कुणाच्या तरी होडीवर आदळते आणि पेट्रोल खाडीत सांडते. नुकसान ज्याचे पोट त्या होडीवर आहे त्याचे होते.

म्हणून नोंदणी करतानाच मालकाकडून पावसाळ्यातल्या जागेचा आणि देखभाल करणाऱ्या स्थानिक माणसाचा तपशील लेखी घ्यावा, अशी बोटींची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला विनंती आहे.

– एक वाचक, मालवण