टर्बो उतरवण्याआधी कॉइल बदलून पाहा

महोदय,

मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी झटके खाते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि इगतपुरी ओलांडून सपाटीला लागलं की सगळं सुरळीत. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्या आमच्या पंचवटीतल्या गॅरेजात आता नेहमीच्याच झाल्या आहेत. बऱ्याच मालकांना आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, ‘टर्बो गेला.’ खर्चाचा आकडा ऐकून माणूस गाडीच विकायला निघतो.

मिसिंगचं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने बसणाऱ्या या झटक्यांचं, मूळ टर्बोत क्वचितच असतं. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो आणि हवा जितकी दाबलेली, तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग) किंवा झिजून फट वाढलेला प्लग आयडलिंगला वेळ मारून नेतो. चढावर भरल्या गाडीत तिसऱ्या गिअरला पाय दाबला की हात टेकतो. गॅरेजात उभ्या गाडीला नुसती रेस देऊन म्हणूनच काही सापडत नाही.

स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड ‘पी०३०३’ दाखवतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, एवढंच. कशामुळे, ते तो सांगत नाही. (हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर कोड वाचून पार्टसुद्धा मागवून आणतात!) आधी फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) उतरवून घ्यावी, त्या वेळचे आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान तिथे मिळतं आणि कोड पुसला की तेही जातं. मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर बसवून, कोड पुसून गाडी चढावर न्यावी. आता पी०३०१ आला तर कॉइल खराब. कोड तिसऱ्यावरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल, नंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावं. पी०३०० येऊन नेमका सिलिंडर कळत नसेल तर इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज नि क्लॅम्प बघावेत, पेट्रोलचा दाब मोजावा.

गाडी धुताना इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. ते प्लगच्या खोबणीत साचतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे येते.

दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि एका कॉइलवर भागणारा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

गॅरेजवाल्यांनी, त्यात मीही आलो, एस्टिमेटवर कोड आणि केलेली तपासणी लिहून द्यावी, काढलेला पार्ट मालकाच्या हाती ठेवावा. मालकांनीही तपासणीची मजुरी देताना कुरकुर करू नये. नव्या पार्टचे हजारो रुपये निमूट मोजणारे, कॉइल फिरवून दोष शोधला की म्हणतात, ‘नुसतं बघितलंच ना?’

— एक गॅरेजवाला, पंचवटी, नाशिक