माथेरानच्या घोडेवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यासमोरून इतकी माणसं जातात की मी लक्षात असेन का, ठाऊक नाही. घोड्यावर बसायला नको म्हणणारी, तरी रोज पहाटे तुमच्या तबेल्यात येणारी बाई म्हटलं तर कदाचित आठवेल. तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आई गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी. घरी आकाशकंदील लावायचं कुणाच्याच मनात येईना, म्हणून भावांनी माथेरानला बंगला घेतला. हेतू चांगलाच होता. पण सगळे जमले की घराच्या वाटणीचा विषय निघतो, आईच्या दुखण्यात कोण किती धावलं याचे हिशेब निघतात, आणि मी मधली असल्यामुळे प्रत्येक जण आपली बाजू माझ्यापाशी येऊन मांडतो. समोर फराळाचं ताट, पोटात गोळा. सणासुदीला डोळ्यांत पाणी आणायचं नाही, म्हणून तेही गिळायचं. ज्यांच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. घोडीचं अंग घासायचा खरारा हातात दिलात आणि तुमच्या पांढऱ्या पायांच्या, पांढऱ्या कपाळाच्या पंचकल्याणी घोडीपाशी उभं केलंत. खांद्याच्या बाजूनं जा, म्हणालात. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तिला दिसत नाही, बाकी चहूकडचं दिसतं. मागून जायचं तर पाठीवरचा हात काढायचा नाही. कान मागे पडले की थांबायचं. आणि श्वास रोखून धरू नका, तिला लगेच कळतं.

ते शेवटचं वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं. पळून जीव वाचवणारं हे जनावर. शेजारी उभ्या असलेल्याचं अंग ताठलं की तेही ताठतं. मी वरवर हसून सगळ्या घराला फसवू शकत होते, तिला नाही. तिच्यासाठी मला खरोखरच स्वस्थ व्हावं लागायचं. निवांत उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळाच ठोके देतं, हे मी नंतर वाचलं. तिच्या बरगड्यांवर हात ठेवून उभं राहिलं की माझाही श्वास हळूहळू लांबायचा. मग मान, पाठ, पोट. आयाळ विंचरायची, खुरांतली लाल माती आणि खडे काढायचे. तिनं पहिल्यांदा आपणहून पाय उचलून माझ्या हातात दिला, तेव्हा मी रडले. तुम्ही तिच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात चंदीचा दाणा भरत राहिलात, वळून पाहिलं नाहीत. त्याबद्दलही आभार.

दिवाळी म्हणजे तुमच्या कमाईचे दिवस. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार येत नाही, तेव्हा कितीतरी माणसं घोड्यावर आणि सामानही घोड्यावर. पावसाळ्यात मात्र सगळंच मंदावतं. अशा ऐन हंगामात तुम्ही मला जागा दिलीत. मी पैसे पुढे केले तर म्हणालात, "काम तुम्ही केलंत, पैसे मी कसे घेऊ?"

बंगल्यावरचे वाद काही मिटले नाहीत, घराचं अजूनही ठरलेलं नाही. पण पाडव्याच्या रात्री दादानं पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा आवाज न चढवता मी म्हटलं, "भाऊबीज होऊ दे, मग बोलू." आमच्या घरात कुणी कुणाला असं थांबवत नाही. तो थांबला. हे बळ मला तुमच्या तबेल्यात मिळालं, असं मी मनापासून मानते.

यंदा वसुबारसेला पोचतो आहोत. धाकट्या वहिनीलाही पहाटे यायचं आहे; तिचा जीव त्या घरात माझ्याहून जास्त घुसमटतो. दोघींना काम द्याल ना? आणि या वेळी चंदीचे पैसे घ्यायचेच. ते तुम्हाला नाहीत, घोडीला आहेत.

तुमची,
पुण्याची ताई