ओंकार, आधी टेप घे, डाएटचं नंतर बघू

चि. ओंकार, आशीर्वाद.

तू पाठवलेला तो ३० दिवसांत १२ किलो उतरवायच्या डाएटचा स्क्रीनशॉट बघितला आणि खाली तुझा मेसेज पण वाचला, की बायोडाटासाठी फोटो काढायचेत, त्याच्या आत पोट घालवतो आणि मग सगळे कपडे नवीन घेतो, वीस हजार बाजूला काढलेत. फोनवर बोललो असतो पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून लिहून पाठवतोय. सध्या लग्नसराई नाही, शिलाईच्या दुकानात गर्दी कमी आहे. तुझ्या आईची ताकीद आहे की त्याच्या वजनावर बोलायचं नाही, वाईट वाटतं त्याला. मी वजनावर बोलतच नाहीये, मी मापावर बोलतोय, त्याचेच पैसे घेतो मी लोकांकडून.

तू सगळ्यांना सांगतोस माझी कंबर ३४. अरे ३४ ती तुझ्या पॅन्टची आहे, तुझी नाही. दुकानात रोज बघतो मी हे, माणूस पंचवीसचा असताना ३४ ची पॅन्ट घालत असतो आणि चाळीसला पण ३४ चीच, आणि छातीठोक सांगतो की माझी कंबर वाढलीच नाही, आणि पॅन्ट कुठे असते तर बेंबीच्या चार बोटं खाली, पोट सगळं पट्ट्यावरून पुढे. पॅन्ट खाली सरकत गेली म्हणून माप तेच राहिलं एवढंच. त्यात रेडिमेडवाले लेबलवर ३४ लिहितात आणि टेप लावली तर ३६ भरते, गिऱ्हाईक खूश. तेव्हा उद्या सकाळी काही खायच्या आधी शर्ट काढून सरळ उभा राहा, पोट आत न ओढता श्वास सोड आणि बेंबीच्या रेषेत टेप आडवी फिरव. मागच्या वेळी शर्टाचं माप घेतलं तेव्हा पोट ३९ भरलं होतं, तुला सांगितलं नाही. आपल्या भारतीय पुरुषांना डॉक्टर लोक ९० सेंटिमीटरच्या आत राहा म्हणतात, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. तुझी उंची पाच फूट सात, वजन ८६, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा तीसला टेकलाय आणि आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात. हे घाबरवायला नाही सांगत, खरं माप हातात असल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तू पण लावू नको.

आता ते बारा किलो. महिन्यात बारा किलो म्हणजे आठवड्याला तीन, आणि माणसाचं आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तर ते चरबीचं उतरतं, त्याच्या पुढचं बरंचसं पाणी आणि मांस. भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली दाखवतो, कारण अंगात साठवलेली साखर संपते आणि ती आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून असते ते पण जातं, आणि पुढच्या रविवारी एक बिर्याणी खाल्ली की सगळं परत हजर. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायची भीती वाढते ते वेगळंच. आणि केस. तुला केसांची एवढी काळजी आहे, आरशासमोर अर्धा तास असतोस, तर ऐक की जबरी उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळायला लागतात, परत येतात बहुतेक वेळा पण महिने लागतात. म्हणजे पोट कमी होईल आणि ऐन बघायला जायच्या वेळी भांगात टक्कल.

तो फॅट बर्नरचा डबा ऑर्डर केला असशील तर परत पाठव. त्यात बहुतेक दाबून कॅफिन भरलेलं असतं, छाती धडधडते, झोप उडते आणि पोट होतं तिथंच राहतं. घाम काढायचा पट्टा पण नको, घाम गेला म्हणजे पाणी गेलं, तांब्याभर प्यालास की भरून निघतं. आणि तुझा तो मित्र वजन उतरवायच्या इंजेक्शनचं सांगत होता ना, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, ज्यांना गरज आहे त्यांना डॉक्टर देतात, मित्राने द्यायची वस्तू नाही ती.

माझा हिशोब असा आहे. महिन्याला दोन, फार तर अडीच किलो. दिवाळीपर्यंत ७८ वर आलास तर बास. ढोबळ मानाने अडीच किलोला पोट एक इंच कमी होतं असं धर, माणसागणिक फरक पडतो पण गिऱ्हाइकांचं बघून माझा अंदाज तसाच आहे. म्हणजे तीन इंच. आणि आठ-नऊ टक्के वजन गेलं तरी साखर, बीपी, लिव्हरची चरबी सगळ्यात फरक पडतो, त्यासाठी हिरो व्हायला लागत नाही.

खाण्याचं मी तुझ्या आईएवढं सांगू शकत नाही, पण तुझ्या पीजीत काय येतं ते मी तिथं राहून खाल्लंय. डब्यात चार पोळ्या, भाताचा डोंगर, बटाट्याची भाजी, आणि वरण म्हणजे पिवळं पाणी. त्यात अंगाला लागणारं काही नाही म्हणून तुला अकराला परत भूक लागते आणि मग मोबाईलवरून काहीतरी मागवतोस. डबा बदलू नको, पैसे भरलेत. दोन पोळ्या खा, भात निम्मा, आणि बाकी तू घाल. तुझ्याकडे ती चहाची किटली आहे ना इलेक्ट्रिकची, तिच्यात अंडी उकडतात, आधी पाण्याला उकळी आण मग सोड, ती बंद झाली की झाकण तसंच ठेवून दहा-बारा मिनिटं थांब. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, किंमत सात-आठ रुपये. प्रोटीन पावडरीच्या डब्याला तीन हजार घालवण्यापेक्षा तीन अंडी, मूठभर फुटाणे, मोड आलेली मटकी, वाटीभर दही एवढं रोज झालं तरी दिवसाचं प्रोटीन निम्म्याहून जास्त भरलं. काकडी, गाजर, मुळा मंडईतून आण, चिरायला सुरी लागते फक्त. शेंगदाणे मूठभर म्हणजे मूठभरच, टीव्हीसमोर पाव किलो नाही.

चहाचं मात्र बोलतोच. ऑफिसात पाच वेळा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, दहा चमचे झाले, वर ते क्रीमरोल. आणि रात्री ती काळी थंड बाटली, सहाशे मिलीची, तिच्यात साठ ग्रॅमच्या वर साखर असते, बाटलीवर छापलेलं आहे वाच. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात वरची साखर. हे एक सोडलंस तरी पहिल्या महिन्याचे दोन किलो इथंच निघतील बहुतेक.

आणि संकष्टी धरणार म्हणतोस, धर, बाप्पाचं नाव घे, पण वजनासाठी म्हणून धरू नको. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात बटाटा, त्यावर कूट, त्यावर तूप, आणि वरून चंद्रोदयाला मोदक. एकादशी दुप्पट खाशी आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

जिमची वर्षाची फी भरू नकोस, मागच्या वर्षी भरली होतीस त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि जिमवाल्याला तर नक्कीच. पर्वती तुझ्या पीजीपासून चालत वीस मिनिटं. १०३ पायऱ्या आहेत, फुकट आहेत, पहाटे सगळं पुणं तिथं असतं, साठीची माणसं तुला मागे टाकून जातील त्याची लाज धरू नको. पहिल्या आठवड्यात एकदाच चढ, मग दोनदा, मग तीनदा. बाकी दिवस चालायचं, आठवड्याला सगळं मिळून अडीच तास तरी व्हायला हवेत. आणि दोन दिवस जोर-बैठका. आपल्या गल्लीतल्या तालमीत तुझे आजोबा जायचे, त्यांच्याकडे काय मशिनी होत्या का. दहा बैठका, पाच जोर, भिंतीला हात लावून मारलेस तरी चालतील, गुडघा दुखला तर थांब. हे एवढ्यासाठी की नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर मांडी आणि खांदे पण उतरतात आणि खांदे उतरले की कुठलाच शर्ट बसत नाही, मग मी पण काही करू शकत नाही.

आता एक गोष्ट जी मला बरेच दिवस सांगायची होती. कॉलरचं माप घेताना तुझी मान बघितली मी. मागच्या बाजूला काळी, जाडसर, मखमलीसारखी झालीय आणि तू ती घासतोस, दोन क्रीम पण लावून झाल्या, आईने सांगितलं. अरे तो मळ नाही. माझ्याकडे येणाऱ्या तुझ्या वयाच्या चार पोरांची तरी मान अशीच आहे आणि सगळ्यांची पोटं पण पुढे आहेत. आपल्या डॉक्टरांना विचारलं मी, ते म्हणाले अंगात इन्सुलिन जास्त व्हायला लागलं की मानेला, काखेत असं होतं, वजन उतरलं की हळूहळू आपोआप उजळतं, घासून आणखी काळं होतं. आपल्या घरात शुगर आहे, आप्पांना होती, मला पण गोळी चालू आहे. तेव्हा सगळ्यात आधी उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरीवाली टेस्ट आणि थायरॉईड करून घे, हजार-दीड हजारात होईल, त्या वीस हजारातला हा पहिला खर्च. ते गोरं करायचं क्रीम मात्र आजच टाकून दे. मेडिकलमधून असंच आणलेल्या कितीतरी क्रीममध्ये स्टेरॉईड असतं, आठ दिवस चेहरा चकाकतो आणि मग कातडी पातळ, लाल, पुरळ, बंद केलं की आणखी वाईट. तोंड धू, उन्हात जाताना सनस्क्रीन लाव, झालं.

मग कपडे. आत्ता नवीन घ्यायचे नाहीत. का, तर तीन महिन्यांनी ते ढगळे होणार. आणि जुने तसेच घालायचे पण नाहीत, कारण तू आत्ता जो जाड दिसतोस ना त्यातला निम्मा जाड तू नाहीस, तुझे शर्ट आहेत. एक तर छातीवर बटणं ताणून उघडलेली, नाहीतर पोट झाकायला म्हणून दोन साईज मोठा, खांदा दंडावर उतरलेला, खाली मांडीपर्यंत लांब, पाल ठोकल्यासारखा. ढगळ्यात पोट लपत नाही, उलट सगळा माणूसच पोटाएवढा दिसतो. शर्टाचा खांदा हाडाच्या टोकावर आला पाहिजे, बाकी सगळं मी करतो. साईड आत घेता येते, बाही आखूड होते, खालून कापता येतो, खांदा मात्र उसवायला लागला तर नवीन शिवण्याएवढं काम, म्हणून ज्याचा खांदा बसतो तेवढेच शर्ट बॅगेत भर. बाहेर सोडायचा शर्ट चेनच्या निम्म्यापर्यंत, त्याच्या खाली नाही. तुझा तो निळा शर्ट, कॉलर विरलेला, फेकू नको, कॉलर उसवून उलटी लावून देतो, नवा होतो, हल्ली कुणी करून घेत नाही पण मला येतं.

पॅन्ट बेंबीच्या जवळ घालायची सवय कर. पहिले चार दिवस म्हातारा झाल्यासारखं वाटेल, मग आरशात बघ, पोटाचे दोन भाग दिसत नाहीत आणि पाय लांब दिसतात. त्यासाठी एकच नवीन पॅन्ट शिवतो मी, काळसर राखाडी, मागच्या शिवणीतून आत घेता येईल अशी. म्हणजे जसा उतरशील तशी आत घेत जाऊ. दोन इंचापर्यंत मागून छान घेता येते, त्याच्यापुढे मागचे खिसे एकमेकांना भेटायला लागतात आणि साईडची शिवण वाकडी दिसते, तेव्हा नवीन शिवू, ती वेळ आली तर मी फुकट शिवेन आणि पेढे वाटीन.

बाकी किरकोळ. दाढी गळ्यापर्यंत उतरू देऊ नको, गळ्याच्या घाटीच्या दोन बोटं वर रेघ धर, त्याने हनुवटी दिसते. केस तीन आठवड्यांनी काप, महागडं सलून नको, एकच न्हावी धर. बूट मोच्याकडे दे, टाच बदलून पॉलिश मारून शंभर-दोनशेत होईल. दातांवर तो पिवळा थर आहे तो घरी जात नाही, डेंटल कॉलेजच्या ओपीडीत स्वस्तात काढून देतात. शर्टाला इस्त्री. आणि रात्री दीडपर्यंत रील बघत बसू नको, जागरणाने भूक वाढते आणि तोंड सुजतं, फोटोत सगळ्यात आधी तेच येतं. फोटो गच्चीवर सकाळी आठच्या उजेडात काढ, ते फिल्टर लावू नको, पोरीकडचे प्रत्यक्ष भेटणारच आहेत नंतर, आपण काय सांगणार मग. आणि फोटोसाठी दिवाळीपर्यंत थांबायची पण गरज नाही, फिटिंग नीट असली तर ८६ किलोचा माणूस पण चांगला दिसतो, रोज दिसतात मला.

तेव्हा शनिवारी येताना चार शर्ट, त्या दोन काळ्या पॅन्टा आणि बूट आण, टेस्टचे रिपोर्ट आले तर ते पण. आईला सांगून ठेवलंय की आल्या आल्या श्रीखंड-पुरी नको, ती ऐकणार नाही, तू दोनच पुऱ्या घे. आणि नवीन पॅन्टचा बॉटम, म्हणजे पायाचा खालचा घेर, पंधरा ठेवू की सोळा ते उद्यापर्यंत मेसेज कर, चौदा करून मिळणार नाही, तुझ्या मांडीला तो शोभत नाही, आणि शिवून झाल्यावर कटकट केलीस तर उसवणावळ घेईन.

पप्पा