तोडणाऱ्या हातांना कुणी शिकवायचे?

मा. संपादक, स. न.

फळांच्या काढणीपश्चात नुकसानीचा विषय निघाला की चर्चा शीतगृहावर येऊन थांबते. शीतगृह हवेच, पण ते खराब फळ सुधारत नाही, आहे तेच जरा जास्त टिकवते. फळाचे भवितव्य झाडाखालच्या पहिल्या दोन तासांत ठरते.

काय करावे हे बहुतेक बागायतदारांना ठाऊक आहे. मात्र प्रशिक्षणाला जातो मालक आणि फळ तोडतो मजूर, तोही क्रेटमागे मजुरी घेणारा. त्याने कात्री लावून चार-पाच सेंटिमीटर देठ राखावा कशासाठी? आंबा हिसडून तोडला की देठाच्या खळीतून चीक उडतो आणि सालीवरून ओघळतो. तेव्हा फळ छान दिसते. काळा ओघळ उमटतो एक-दोन दिवसांनी, आणि दोष जातो वाहतुकीच्या माथी. खरे तर देठासह आणलेले फळ सावलीत घ्यायचे, देठ एक सेंटिमीटरवर कापायचा आणि चीक निथळेपर्यंत, साधारण अर्धा तास, जाळीवर उपडे ठेवायचे. मातीवर नाही, ताज्या कापातून देठकुजीची बुरशी शिरते.

धुण्यातही हीच गत. एकाच टाकीत दिवसभर फळे बुचकळली तर एका सडक्या फळाची लागण सगळ्या मालाला होते. पाण्यात १०० ते १५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन आणि सामू (पीएच) ७च्या आसपास हवा. पाणी गढूळ झाले की बदलावेच लागते, कारण क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडते. उन्हात तापलेले फळ गार पाण्यात टाकले की आतली हवा आकसते आणि देठाकडून पाणी आत ओढले जाते, जंतूंसकट. म्हणून आधी सावली, मग पाणी. द्राक्षे तर धुवूच नयेत.

क्रेट काठाच्या बोटभर खालीच भरावा, नाहीतर वरच्या क्रेटचा भार फळांवर येतो. आणि केळी, आंबा १३ अंशांखाली नेऊ नयेत. केळीची साल काळवंडते, आंबा धड पिकत नाही.

कृषी विभागाने आणि बागायतदार संघांनी प्रशिक्षण सभागृहात न घेता तोडणीच्या दिवशी बागेत, मजुरांसाठी घ्यावे. बागायतदारांनीही तोडणीची मजुरी क्रेटमागे न देता रोजाने द्यावी, आणि बिनडागी मालावर वर काही द्यावे.

– फलोत्पादन क्षेत्रातील एक वाचक