शेळीची लस गायीला का चालली

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू चिडलास ते बरोबरच होतं. लम्पीच्या वेळी शेळीची लस गायीला टोचली, ती लागू पडली. लाळ-खुरकताची खास गायीची लस वर्षातून दोनदा टोचूनही चंद्री लाळ गाळत उभी! उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहितोय.

लम्पीचा विषाणू देवीच्या भावकीतला. मेंढीच्या देवी, शेळीच्या देवी आणि लम्पी ही तिन्ही चुलत भावंडं. लम्पीच्या विषाणूच्या जनुकसंचात सुमारे दीड लाख अक्षरं, आणि शेळीच्या देवीशी ती शंभरात ९६-९७ जुळतात. हा डीएनए विषाणू, त्यामुळे सावकाश बदलतो. १९२९ साली आजच्या झांबियात तो पहिल्यांदा नोंदला गेला, २०१९ला ओडिशात आला आणि २०२२ला आपल्याकडे त्यानं हाहाकार माजवला. पण शेळीच्या लसीनं तयार झालेली प्रतिकारशक्ती त्याला ओळखते. म्हणून ती लस चालली.

लाळ-खुरकताचं उलट आहे. तो आरएनए विषाणू, जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा. नक्कल करताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्याचे सात प्रकार आहेत. १९२२ साली फ्रान्समध्ये व्हाले आणि कारे या दोघांना दिसलं, की एका प्रकारातून बरं झालेलं जनावर दुसऱ्यानं पुन्हा आजारी पडतं. त्यांनी नावं दिली ओ आणि ए: ओ म्हणजे फ्रान्समधला वाझ परगणा, ज्याचं स्पेलिंग ओ अक्षरानं सुरू होतं, आणि ए म्हणजे आलमान्य, जर्मनीचं फ्रेंच नाव. सी प्रकार २००४ नंतर जगात कुठेच सापडलेला नाही. आपल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असतात.

पण एकट्या ओ मध्येही घराणी आहेत. ती ठरतात विषाणूच्या बाहेरच्या कवचातल्या एका प्रथिनाच्या जनुकावरून, म्हणजे सहाशेच्या आसपास अक्षरांवरून. भारतात २००१ला ओळखलेलं ओ चं एक घराणं २०१३ला थेट लिबियात पोचलं. लसीतला ओ आणि गोठ्यात शिरलेला ओ दूरचे असले, की संरक्षण तोकडं पडतं. अर्थात चंद्रीच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. वाटेत लस तापली असेल, किंवा आजार आधीच अंगात मुरत असेल.

मला ते कळलं असतं, बाळू. तिच्या जिभेवरचा फुटलेला फोड आठवतो? पांढुरकं सालपट लोंबत होतं, खाली लालबुंद मांस. ते सालपटच हवं होतं मला. ते आंबट न होणाऱ्या ग्लिसरीनच्या द्रावणात, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत तपासायला पाठवावं लागतं, कारण हा विषाणू आंबटपणात टिकत नाही. मी पोचेपर्यंत तू मायेनं तिचं तोंड चोळून धुतलं होतंस आणि सालपट गटारात गेलं होतं. दोष तुझा नाही. आधी हे सांगायचं काम माझं होतं, ते राहिलं.

पुढच्या वेळी मचमच ऐकू आली, लाळेची तार दिसली, की आधी फोन कर. तोंड मी आल्यावर धुऊ, बोरोग्लिसरीनही मीच लावीन. चंद्रीची कालवड चार महिन्यांची झालीय. रविवारी तिला पहिली लस देतो, महिन्यानं दुसरी. वहिनींना म्हणावं, बर्फ करून ठेवा.

तुझा,
वसंत